मुंबईच्या परसदारात हॉट टब: काय पाहून घेतला आणि तो कसा निघाला

हॉट टबची बहुतेक माहितीपत्रके थंड देशांतल्या गिऱ्हाइकांसाठी छापलेली असतात. आजूबाजूला बर्फ, पाण्यावर तरंगणारी वाफ आणि गळ्यापर्यंत बुडून बसलेली चार माणसे, हे चित्र पाहून मुंबईत कोणी टब निवडला, तर ज्या गुणांसाठी तो जादा पैसे मोजेल त्यांतले निम्मे गुण त्याला इथे नडतील. जाड इन्सुलेशन हा त्यांतला पहिला गुण, आणि झटपट पाणी तापवणारा हीटर हा दुसरा. मुंबईत टब तापवणे हा प्रश्नच नाही. तो थंड कसा ठेवायचा, त्यातले पाणी स्वच्छ कसे ठेवायचे आणि पावसाळ्यात त्याच्या खालच्या बाजूला काय चालले आहे हे कसे कळणार, हे येथले खरे प्रश्न आहेत, आणि दुकानात त्यांविषयी आपणहून कोणी बोलत नाही.

आमचे घर विलेपार्ले पूर्वेला, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. मागे लहानसे परसदार आहे, त्यात एक आंबा, दोन नारळ आणि पूर्वी जिथे धुण्याचा दगड होता ती मोकळी जागा आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. कोमट पाण्यात पाय हलवण्याचा व्यायाम त्यांना मानवतो, पण त्यासाठी त्यांना रोज तरणतलावावर नेणे-आणणे आम्हांला जमत नव्हते. टब घेण्याचे कारण एवढेच. चैनीची वस्तू म्हणून लोक त्याच्याकडे पाहतात खरे, पण त्याचा उगमही दुखण्यातूनच झालेला आहे. कॅलिफोर्नियात पंप बनवणाऱ्या जकूझी बंधूंपैकी कँडिडो जकूझी यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला होता. त्याला घरच्या घरी पाण्याचा मसाज मिळावा म्हणून तयार केलेल्या पंपातून जे-३०० हा सुटा पंप १९५६ मध्ये बाजारात आला, आणि १९६८ मध्ये त्याच घराण्यातील रॉय जकूझी यांनी पाण्याचा जोरदार झोत सोडणारे जेट अंगातच बसवलेला टब तयार केला. आज कोणत्याही कंपनीच्या टबाला लोक सर्रास ‘जकूझी’ म्हणतात. दुकानातही तेच चालते.

निवडीची सुरुवात टबापासून न करता जागेपासून करावी. चार माणसांच्या टबात साधारण १,००० लिटर पाणी मावते, म्हणजे १,००० किलो. टबाचे स्वतःचे वजन ३०० किलो आणि बसणाऱ्यांचे तेवढेच धरले, तर दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागेवर सुमारे १,६०० किलो, म्हणजे दर चौरस मीटरला ४०० किलो भार येतो. इमारतींवरील भाराविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो आणि वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी सुमारे १५० किलो भार धरलेला आहे. ‘गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतातच की,’ असे एका विक्रेत्याने आम्हांला ऐकवले; पण टाकी खांबांवर आणि तुळयांवर बेतून बसवलेली असते, मोकळ्या स्लॅबच्या मधोमध ठेवलेली नसते. ज्यांना टब गच्चीवरच हवा आहे त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र आणि सोसायटीची परवानगी हातात आल्याशिवाय बयाणाही देऊ नये. जुन्या इमारतीत तर हा विचारच सोडलेला बरा.

तळमजल्यालाही जागा सरळ मिळत नाही. आमच्या परसदारात पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि विक्रेत्याच्या माणसाने त्यांवरच टब ठेवून चालेल असे सांगितले. मुंबईच्या रस्त्यावर ज्याने पावसाळ्यानंतरचे पेव्हर ब्लॉक पाहिले आहेत त्याला यावर वेगळे काही सांगायला नको. खालची रेती वाहून गेली की एक कोपरा खचतो, टब तिरका होतो, आणि कवचावर जो ताण येतो त्याला कंपनीची वॉरंटी लागू होत नाही. आम्ही ब्लॉक काढून सहा इंच जाडीचा जाळी घातलेला कोबा केला, त्याला एका बाजूला किंचित उतार न देता पूर्ण समपातळीत ठेवले आणि पाणी जायला चारही बाजूंनी पन्हळ काढली. टब आत आणताना तो आडवा, एका कडेवर उभा करून आणतात. त्यामुळे बाजूची गल्ली निदान साडेतीन फूट रुंद हवी आणि वर सज्जा, गॅसची पाइप किंवा केबल आडवी नसावी. हे माप टेपने स्वतः घ्यावे. आमच्या गल्लीत एसीचा बाहेरचा युनिट काढावा लागला.

आता प्रकार. हवा भरून फुगवायचे टब सर्वांत स्वस्त असतात. बेस्टवे कंपनीचा ले-झी-स्पा आणि इंटेक्सचा प्युअरस्पा ही त्यांतली जगभर खपणारी नावे आहेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुण जोडप्याला तो पुरेसा आहे, असे माझे मत आहे. मात्र त्याच्या साध्या मॉडेलांत जेट नसतात, तळाच्या कडेने असलेल्या छिद्रांतून हवेचे बुडबुडे येतात, आणि बसायचे असते ते थेट तळावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तळावरून उठून, निसरड्या आणि दबणाऱ्या कडेवरून पाय टाकून बाहेर यायला सांगणे म्हणजे औषधापेक्षा दुखणे मोठे. शिवाय मुंबईचे ऊन पीव्हीसीला फार काळ धड ठेवत नाही. लाकडी टब दिसायला देखणा असतो. पण लाकूड सुकले की फटी पडतात, आणि ज्या जमिनीत वाळवी आहे तिथे तो आणणे म्हणजे तिला आमंत्रण देणे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरी निवड उरते ती दोघांत. साच्यात फिरवून एकसंध तयार केलेला पॉलिथिलीनचा टब आणि फायबरग्लासचे अस्तर दिलेला ॲक्रिलिकचा टब. पहिला वजनाला हलका, धक्के सोसणारा, आणि बहुधा १६ अँपिअरच्या साध्या प्लगवर चालणारा असतो. त्याच्या बैठका मात्र बोथट असतात आणि पाठीला हवा तसा आधार मिळत नाही. दुसऱ्याच्या बैठका घडीव असतात, जेट कंबरेच्या आणि पोटरीच्या बरोबर जागी येतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ धरत नाही. किमतीत मोठा फरक आहे. घरात कोणाची पाठ किंवा गुडघे दुखत नसतील, तर मी पॉलिथिलीनचाच सुचवीन. आमच्यासाठी आम्ही चार माणसांचा ॲक्रिलिकचा टब घेतला. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव येथे देत नाही.

दुकानात टबात बसून पाहावे. रिकाम्या टबात चपला काढून बसायला विक्रेते संकोचाने का होईना परवानगी देतात. आमच्या सौ.ची उंची पाच फूट. ‘लाउंजर’ नावाची पाय पसरून पडायची जी बैठक असते, तिच्यावर तिचे पाय टोकापर्यंत पोचेनात. पाणी भरल्यावर अशा बैठकीवर लहानखुरे माणूस तरंगू लागते आणि सारा वेळ कडा धरून बसावे लागते. परदेशी मापांनी घडवलेल्या टबात ही अडचण आपल्याकडे पुष्कळांना येईल, म्हणून लाउंजर नसलेला, चारही कोपऱ्यांत वेगवेगळ्या उंचीच्या बैठका असलेला नमुना घ्यावा. वडिलांनी मात्र आधी पायरी पाहिली, मग धरायचा दांडा हलवून पाहिला, आणि विचारले, “अरे, हे वज्रेश्वरीच्या कुंडासारखं कढत नाही ना होणार? तिथं पाय टाकवत नाही.” विक्रेत्याने ४० अंशांच्या वर पाणी जातच नाही असे सांगितले, आणि ते खरेही आहे, ४० अंश सेल्सिअस ही टबांसाठी सर्वत्र मानलेली वरची मर्यादा आहे.

जेटांच्या संख्येला भुलू नये. बत्तीस जेट, पन्नास जेट अशा आकड्यांवर किंमत चढते, पण पंप तोच असेल तर जेट वाढले की प्रत्येकाचा जोर कमी होतो. पंप किती, त्याचा प्रवाह एका बैठकीकडून दुसरीकडे वळवण्याचा खटका आहे का, आणि हवेचे प्रमाण कमी-जास्त करता येते का, एवढे विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी. ती एकच असेल आणि सपाट असेल तर केस किंवा अंग तिला चिकटून बसण्याचा धोका असतो. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी अशाच प्रकारे टबात दगावली आणि २००७ मध्ये तिच्या नावाने, व्हर्जिनिया ग्रॅहम बेकर कायदा या नावाने, जाळ्यांविषयी कायदा झाला. एकमेकींपासून दूर असलेल्या दोन जाळ्या आणि त्यांवर फुगीर झाकणे असतील तरच टब घ्यावा. लांब केस असलेल्यांनी ते वर बांधूनच उतरावे.

आता मुंबईच्या हवेकडे वळू. टाकीतले पाणी येथे बहुतेक काळ २६ ते ३० अंशांचे असते. १,००० लिटर पाणी २७ वरून ३७ अंशांवर न्यायला साडेअकरा युनिटांच्या आसपास वीज लागते, म्हणजे ३ किलोवॉटचा हीटर चार तासांत ते काम करतो. एकदा तापल्यावर झाकण घातलेले पाणी या हवेत फारसे निवत नाही. उलट मार्च संपला की दुसरीच गोष्ट सुरू होते. गाळणी चालू ठेवण्यासाठी पंप दिवसातून काही तास फिरतो, त्याची ऊब पाण्यात उतरते, आणि टबाचे अंग इन्सुलेशनच्या फेसाने (फोमने) पूर्ण भरलेले असेल तर ती बाहेर पडायला वाट राहत नाही. पाण्याचे तापमान ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर चढत जाते. ३५ अंश लावले असताना सकाळी पडद्यावर ३८ दिसतात आणि हीटर बंद असतो. थंड देशात ज्याला बचत म्हणतात तीच येथे डोकेदुखी होते. म्हणून आतून पूर्ण फेस भरलेल्या टबापेक्षा फक्त बाहेरच्या फळ्यांना अस्तर लावलेला टब आम्ही निवडला आणि त्याला गरम व थंड दोन्ही करणारा हीट पंप जोडून घेतला. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो. मुंबईची हवा उबदार असल्याने तो एका युनिटात साध्या हीटरच्या तीन-चार युनिटांचे काम करतो. सुरुवातीला किंमत जास्त पडते, पण ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी बिल चढणाऱ्या शहरात तो खर्च पटतो. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही पाणी २९ अंशांवर ठेवतो आणि त्या दिवसांत टबाचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

एरवीही ४० अंशांपर्यंत कोणी जाऊ नये असे मी म्हणेन. बाहेर आल्यावर घाम वाळून अंग निवायला हवे, ते या दमट हवेत होत नाही, चक्कर येते. ३६-३७ अंश आणि पंधरा मिनिटे पुरे होतात. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

पाण्याची निगा हा या वस्तूचा अर्धा संसार आहे, आणि विकणारा तो पाच मिनिटांत उरकतो. कोमट, फेसाळणारे पाणी जंतूंना मानवते; लेजिओनेला हा फुप्फुसांना बाधणारा जंतू २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान वाढतो, म्हणजे आपला टब बरोबर त्याच्या सोयीचा असतो. त्यामुळे क्लोरिन दर लिटरला निदान ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये राहील हे पट्टी बुडवून पाहावे लागते, तेही उतरण्यापूर्वी प्रत्येक वेळी. सोसायटीच्या टाकीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर यात टाकू नये. तिचा चुना खाली बसतो, पाणी गढूळ होते आणि गाळणी तुंबते. तरणतलावाच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्याही नकोत, त्या आम्लधर्मी असतात आणि ॲक्रिलिकला व हीटरला खातात. डायक्लोरचे दाणे वापरावेत, पण त्यांतले सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जाते आणि क्लोरिनचा प्रभाव बोथट करते, म्हणून तीनेक महिन्यांनी पाणी बदलणे टळत नाही.

पाणी कोठले आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचे, म्हणून मऊ. मऊ पाण्याला फेस लवकर येतो आणि ते धातूच्या भागांना झिजवते. त्यात थोडे कॅल्शियम क्लोराइड घालून घ्यावे लागते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी बहुधा जड असते, त्याची पुटे हीटरवर चढतात. आमच्याकडे दोन्ही येतात. टबात फक्त तलावाचे भरतो. मे महिन्यात पाणीकपात जाहीर झाली की पाणी बदलायचे नाही, असेही घरात ठरलेले आहे, कारण माणशी १३५ लिटर धरले तर एक टब म्हणजे चार माणसांच्या घराचे जवळजवळ दोन दिवसांचे पाणी होते. जुने पाणी झाकण उघडे टाकून दोन-तीन दिवस उन्हात ठेवले की क्लोरिन उडून जाते आणि ते अंगण धुवायला चालते.

फेसाचे दुसरे कारण आपल्या सवयींत आहे. केसांना खोबरेल लावून उतरणे, साबणाने धुतलेले पण नीट न खळबळलेले कपडे घालून बसणे, अंगाला पावडर लावलेली असणे, या सगळ्याचा मळ गाळणीत जातो. दिवाळीत आमच्या भाच्यांनी नरकचतुर्दशीला तेल-उटणे लावून टबात उडी मारण्याचा बेत केला होता, तो वेळीच हाणून पाडावा लागला. टबात उतरण्यापूर्वी न्हाणीत अंघोळ, हा आमच्याकडे आता नियम आहे आणि पाहुण्यांना तो सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते.

पावसाळ्याने बाकीची परीक्षा घेतली. झाकण मधोमध उंच आणि कडेला उतरते असावे. सपाट झाकणावर पावसाचे पाणी साचते आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. टबातल्या क्लोरिनच्या पाण्यात तो वाढत नाही, वाढतो तो झाकणाच्या खाचेत, पायरीखालच्या बादलीत आणि पन्हळीत. महापालिकेची माणसे तपासणीला येतात तेव्हा तीही तिथेच बॅटरी मारून पाहतात. झाकणाला कुलपाचे पट्टे हवेत, वाऱ्यासाठीही आणि शेजारच्या मुलांसाठीही. आमच्या झाकणाच्या आतला थर्माकोल ऑगस्टपर्यंत ओल धरून जड झाला, आणि वडिलांना ते एकट्याने उचलता येईना. विक्रेत्याने ते वॉरंटीत बदलून देण्यास नकार दिला, कारण झाकण ‘झिजणाऱ्या वस्तूं’च्या यादीत होते. ही यादी खरेदीपूर्वी मागून वाचावी.

टबाच्या पोटातला भाग पावसाळ्यात जास्त महत्त्वाचा ठरतो. पार्ल्यात घुशी पुष्कळ. कोरडी, उबदार आणि मऊ फेसाने भरलेली जागा त्यांना आयतीच मिळते, आणि एकदा वायर कुरतडली गेली की फेस कोरून ती शोधण्यात दिवस जातो. फळ्यांना नुसते अस्तर असेल तर फळी काढून बॅटरीच्या उजेडात सगळे दिसते. आम्ही खालच्या सगळ्या फटींना बारीक जाळी मारली. खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न जुहू, वर्सोवा किंवा मढसारख्या ठिकाणी अधिक. तिथे जेटांच्या कड्या आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागावेत, ३०४ ला तांबूस डाग पडतात.

विजेचे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. मीटरपासून स्वतंत्र लाइन, वीज गळू लागताच ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडणारी आरसीसीबी, चांगले अर्थिंग आणि टबात बसून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, पण नजरेसमोर, बंद करायचा स्विच, एवढे तरी हवेच. अमेरिकेहून आलेला टब असेल तर तो ५० हर्ट्झसाठी बनवलेला आहे का, हे पाटीवर वाचावे. ६० हर्ट्झचा पंप आपल्याकडे मंद फिरतो.

सेवेविषयी शेवटी लिहितो, कारण तिथेच आमचा अनुभव सर्वांत रुक्ष ठरला. विक्री होईपर्यंत दिवसाला दोनदा येणारे फोन बसवणीनंतर थांबले. गाळणीचे दुसरे कार्ट्रिज मिळायला कित्येक आठवडे गेले आणि मधल्या काळात तेच कार्ट्रिज पुन्हा पुन्हा धुवून वापरावे लागले. टबाचे नियंत्रण बाल्बोआ कंपनीचे असल्याने पुढे एक सेन्सर बिघडला तेव्हा तो दुसऱ्याच तंत्रज्ञाकडून बसवून घेता आला. बाल्बोआ किंवा गेको यांची नियंत्रणे अनेक कंपन्यांच्या टबांत असतात आणि त्यांचे सुटे भाग बाजारात मिळतात. स्वतःचेच वेगळे नियंत्रण वापरणाऱ्या टबाच्या मालकाला मूळ विक्रेत्याच्या दारात उभे राहावे लागते. वडील रोज संध्याकाळी उतरतात, गुडघ्यांना आराम पडतो असे म्हणतात, आणि टब म्हणून त्यात खोट काढण्यासारखे मला काही सापडलेले नाही. विक्रेत्याला मात्र मी पुन्हा विचारणार नाही. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी पैशाचा शेवटचा हप्ता हातात ठेवावा, टब काठोकाठ भरून रात्रभर चालू ठेवायला लावावा, आणि सकाळी चारही फळ्या उतरवून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवून पाहिल्यावरच धनादेशावर सही करावी.